१७७च्या किटखाली ५७ची क्रँक टाकायची की ६०ची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एलएमएल एनव्ही स्कूटर, १५० सीसी, रोटरी व्हॉल्व्हचं इंजिन. १७७ सीसीचं, म्हणजे ६३ मिमी बोअरचं (सिलिंडरचा आतला व्यास) बिडाचं किट घेऊन ठेवलंय. बिग एंडला, म्हणजे रॉड आणि क्रँकच्या सांध्याला आवाज आहे, त्यामुळे इंजिन अर्धं होणारच आहे. एक मेकॅनिक म्हणतो मूळ मापाची क्रँक टाका. दुसरा म्हणतो ६० स्ट्रोकची (स्ट्रोक म्हणजे पिस्टनचा वरपासून खालपर्यंतचा प्रवास, मिमीत) टाका, त्याच खर्चात दहा सीसी वाढतील.

दहा सीसीचा मुद्दा आधी निकालात काढू. ६३ बोअर आणि ५७ स्ट्रोक म्हणजे १७७.७ सीसी. तोच बोअर ६० स्ट्रोकवर १८७ सीसी. वाढ साधारण पाच टक्के. फक्त एवढ्यासाठी कोणी ६०ची क्रँक घेत असेल तर घेऊ नये. स्ट्रोक बदलला की पिस्टन वर किती येतो, खाली किती जातो, ब्लॉकमधले (सिलिंडरमधले) पोर्ट, म्हणजे वायू आत-बाहेर जायच्या खिडक्या, किती वेळ उघडे राहतात, कॉम्प्रेशन किती होतं, हे सगळं एकदम बदलतं. त्यामुळे दोनपैकी कुठली क्रँक भारी, हा प्रश्नच नाही. तुमच्या ब्लॉकचे पोर्ट कुठल्या उंचीवर कापले आहेत आणि त्या उंचीला कुठली क्रँक शोभते, हे बघायचं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतात आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. गाडी रोज चालते की रविवारी? कार्बोरेटर मूळचा २०/२० आहे की २४/२४? इंजिन केसमधली रोटरी सीट, म्हणजे क्रँकचा वेब (चकती) जिच्याजवळून फिरतो ती जागा, चांगली आहे की ओरखडलेली? जवळपास भरवशाचा लेथवाला आहे का? यांची उत्तरं बदलली की माझा सल्लाही बदलेल. मी रोज चालणारी गाडी, २०/२० किंवा २४/२४ कार्बोरेटर आणि धड सीट असं धरून लिहितो.

उंचीचा हिशोब

कुठलंही किट आणि कुठलीही क्रँक जुळते का, हे बघायला मी आधी एकच आकडा काढतो: अर्धा स्ट्रोक अधिक कनेक्टिंग रॉडची लांबी. क्रँकच्या मध्यापासून गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) टीडीसीला, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असताना, किती उंच जाते, ते या आकड्यावरून कळतं. रॉडची लांबी म्हणजे वरच्या आणि खालच्या भोकांच्या मध्यांतलं अंतर.

व्हेस्पा पीएक्स १२५ आणि १५०, आणि त्याच घडणीचं तुमचं एलएमएल इंजिन: स्ट्रोक ५७, रॉड १०५. म्हणजे २८.५ + १०५ = १३३.५.

६० स्ट्रोक, रॉड तोच १०५: ३० + १०५ = १३५. दीड मिमी वर.

पीएक्स २००: स्ट्रोक ५७च, पण रॉड ११०. म्हणजे १३८.५. तुमच्यापेक्षा पाच मिमी वर.

६० स्ट्रोक आणि ११० रॉड: १४०. साडेसहा मिमी वर.

इथेच बरेच जण फसतात. १२५, १५० आणि २००, तिन्ही पीएक्सचा स्ट्रोक ५७च आहे. चेतकचाही ५७ बाय ५७, म्हणून तर तिचं इंजिन १४५.४५ सीसीचं. पण स्ट्रोक जुळला म्हणजे क्रँक जुळली असं होत नाही. २००च्या रॉडला गजन पिन १६ मिमीची लागते, १२५/१५०च्या रॉडला १५ची. मॅग्नेटच्या (फ्लायव्हीलच्या) बाजूचा टेपर, आटे, चावीची खाच, बेअरिंगची जागा, रोटरी सीटवर फिरणाऱ्या वेबची रुंदी, हे सगळं तुमच्याच केसचं आणि तुमच्याच मॅग्नेटचं हवं. दुकानात फक्त "५७ची क्रँक द्या" म्हणू नका. जुनी क्रँक आणि मॅग्नेट सोबत न्या, व्हर्नियर लावा आणि नव्या क्रँकवर मॅग्नेट बसवून बघा.

छोट्या चेसिसच्या व्हेस्पांत हीच गोष्ट आणखी ठळक दिसते. ५०चं मूळ इंजिन ४३ स्ट्रोक, ८७ रॉडचं. प्रिमाव्हेरा १२५चं ५१ स्ट्रोक, ९७ रॉडचं. १०२चं किट ४३च्या क्रँकसाठी आहे आणि १३०चं ५१च्या. १३०चा ब्लॉक ४३च्या क्रँकवर ठेवला तर उंची १२२.५ऐवजी १०८.५ येते, पिस्टन तब्बल १४ मिमी खालीच राहतो. परदेशातून सुटे भाग मागवणाऱ्यांनी ही जोडी ऑर्डर देण्याआधी तपासावी, कारण पार्सल आल्यावर त्यावर इलाज नसतो.

वरचा दीड मिमी कुठे घालायचा

तुमच्या बाबतीत ६०ची क्रँक घेतली तर पिस्टन टीडीसीला दीड मिमी वर येईल. रस्त्यावरच्या बिडाच्या किटला स्क्विश, म्हणजे टीडीसीला पिस्टनची कड आणि हेड यांच्यात उरणारी फट, साधारण १.२ ते १.५ मिमी ठेवतात. म्हणजे काहीच केलं नाही तर पिस्टन हेडला टेकतो. हा दीड मिमी परत मिळवायला दोन जागा आहेत. ब्लॉकच्या खाली पॅकिंग, नाहीतर ब्लॉक आणि हेडच्या मध्ये पॅकिंग. फट दोन्हीकडून सारखीच मिळते, पण इंजिनाचा स्वभाव सारखा राहत नाही.

समजा ५७च्या क्रँकवर तुमच्या ब्लॉकचा ट्रान्सफर (ताजं मिश्रण वर आणणारा पोर्ट) क्रँकच्या फेऱ्यातले १२० अंश आणि एक्झॉस्ट (जळालेला वायू सोडणारा) १६५ अंश उघडा राहतो. रॉड १०५. आता ६०ची क्रँक.

दीड मिमी पूर्ण खाली घातला: ट्रान्सफर साधारण १३३, एक्झॉस्ट साधारण १७३.

दीड मिमी पूर्ण वर घातला: ट्रान्सफर साधारण १२५.५, एक्झॉस्ट साधारण १६७.५.

हा फरक नीट बघा. खाली पॅकिंग घातलं की ब्लॉक वर उचलला जातो आणि पिस्टन बीडीसीला (सगळ्यात खालच्या टोकाला) आणखी खाली जातो. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेला होतो, म्हणून पोर्ट बराच जास्त वेळ उघडे राहतात. ट्रान्सफर १३३पर्यंत गेलेलं इंजिन वरच्या आरपीएमला धावतं, पण त्याला तसा सायलेन्सर आणि तसा कार्बोरेटर लागतो. मूळ सायलेन्सर आणि २०/२० कार्बोरेटरवर असं इंजिन खालून मऊ पडतं. चौथ्या गिअरमध्ये चढावर पिकअप संपतो आणि वर जाऊन जे मिळायला हवं ते सायलेन्सर मिळू देत नाही.

वर पॅकिंग घातलं तर पोर्टचे अंश फारसे हलत नाहीत आणि लांब स्ट्रोकचा जोर खालच्या रेसमध्येच मिळतो. रस्त्यावरच्या गाडीला हेच हवं असतं. पण त्यालाही अटी आहेत. पिस्टनचा माथा आता ब्लॉकच्या वरच्या काठाबाहेर दीड मिमी येतो. वरची रिंग माथ्यापासून किती खाली आहे ते मोजा. रिंग बोअरच्या आतच राहिली पाहिजे, काठावर किंवा काठावरच्या चॅम्फरमध्ये येता कामा नये. वरचं पॅकिंग बोअरपेक्षा थोडं मोठं कापलेलं आणि बरोबर मध्यावर बसलेलं हवं. सरकलं तर पिस्टनची कड त्याला घासते. माझी पसंती पॅकिंगपेक्षा हेडला. दीड मिमी खोल खोबण केलेलं, लाँग स्ट्रोकसाठीचं हेड मिळालं तर तेच घ्या. गळतीची एक जागा कमी होते.

मधला मार्गही आहे. थोडं खाली, बाकीचं वर. पण किती खाली, हे अंदाजाने ठरवू नका. डिग्री प्लेट लावून मोजल्याशिवाय कळत नाही, आणि त्या मोजण्याकडे मी खाली येतोच.

आणखी एक. खाली पॅकिंग घालायचं तर अल्युमिनियमची एकच तुकड्याची प्लेट हवी, ट्रान्सफरच्या तोंडांच्या आकारात कापलेली, दोन्ही बाजूंना पातळ कागदी पॅकिंग. कागदाचे चार-पाच थर एकावर एक ठेवून दीड मिमी करू नका. ते गरम होऊन दबतात, स्टड ढिले पडतात, खालून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम होतो. दोष मग किटला दिला जातो. ब्लॉक वर उचलल्यावर स्टडचे आटे नटात पूर्ण भरतात का, तेही बघा.

५७वर राहिलात तर

तुम्ही सांगितलेल्या वापराला माझं मत स्पष्ट आहे. चांगल्या प्रतीची ५७ची क्रँक घ्या. बाजारात मिळणारी ६३ मिमीची बिडाची किट्स याच स्ट्रोकसाठी बनवलेली असतात. त्यांचा लायनर १२५/१५०च्या केसमध्ये केस न कापता बसतो. पोर्टचे अंश बनवणाऱ्याने ५७वरच ठरवलेले असतात. एवढं करूनही १५०वरून १७७वर उडी मोठी आहे. तुमच्या मूळच्या ५७.८ बोअरपेक्षा पिस्टनचं क्षेत्रफळ जवळजवळ १९ टक्के वाढतं.

५७वर खरी निवड असते ती वेबच्या कापाची. रोटरी व्हॉल्व्हच्या इंजिनात क्रँकचा वेब हाच इनलेटचा दरवाजा आहे. केसमधल्या भोकासमोरून वेबची गोल कड फिरते आणि जिथे ती कापलेली आहे तिथे भोक उघडं पडतं. मूळ क्रँकवर भोक टीडीसीच्या साधारण १०० ते ११० अंश आधी उघडतं आणि टीडीसीनंतर ५० अंशांच्या आसपास बंद होतं. टूरिंगच्या सुधारित क्रँक थोड्या लवकर उघडतात आणि ६० ते ६५ अंशांवर बंद होतात. १७७ सीसीला ही थोडी जास्तीची वेळ आवडते, कारण एका फेऱ्यात जास्त हवा ओढायची असते.

पण बंद होण्याची वेळ ७० अंशांच्या पुढे गेली की कमी रेसमध्ये पिस्टन खाली यायला लागल्यावरही दरवाजा उघडाच असतो आणि मिश्रण कार्बोरेटरमधून उलटं बाहेर फेकलं जातं. एअर फिल्टर पेट्रोलने ओला, सायलेन्सरमधून धूर, सिग्नलवर बंद पडणारी गाडी, ही सगळी त्याची लक्षणं. शहरात चालवायची गाडी असेल तर ६५च्या आत थांबा. आणि घरी ग्राइंडरने वेब कापू नका. कड खडबडीत राहिली की ती सीट खाते, आणि एका बाजूचं वजन कमी झालं की क्रँकचं बॅलन्स बिघडतं. केसमधलं भोक फाइल करून वेळ वाढवणंही तितकंच धोक्याचं, कारण भोकाच्या कडेला सील करणारी धातूची पट्टी किमान दीड-दोन मिमी तरी उरायला हवी, आणि एकदा घासलेली धातू परत येत नाही.

या सगळ्याच्या आधी सीटची तब्येत. जुनं बेअरिंग फुटून तुकडे आत फिरले असतील तर सीटवर गोल चरे दिसतात. नखाला लागेल असा चरा असेल तर नवी, कितीही महागडी क्रँक टाकून उपयोग नाही, दरवाजाच बंद होणार नाही. वेब आणि सीटमधली फट पाच ते दहा शतांश मिमी, म्हणजे ०.०५ ते ०.१० मिमी असावी. क्रँक बसवल्यावर कार्बोरेटरच्या भोकातून फिलर गेज घालून बघता येतं. खराब सीट भरून पुन्हा मशीन करता येते, पण ते काम करणारा माणूस नेमका हवा. तुमचं एलएमएल रीड व्हॉल्व्हचं असतं तर ही काळजी नव्हती, कारण तिथे इनलेटची वेळ रीड ठरवते.

नवी क्रँक हातात आल्यावर

डब्यातून निघालेली क्रँक सरळ असते असं धरून चालू नका. लेथच्या सेंटरमध्ये किंवा व्ही-ब्लॉकवर ठेवून दोन्ही टोकांना डायल गेज लावायचा. ०.०३ मिमीच्या आत हवं. जास्त असेल तर ट्रू करून घ्या, आणि दुकानदार बदलून देत असेल तर आधी ते. बिग एंडला वर-खाली अजिबात खेळ नसावा. बाजूला थोडा सरकणारच, तो असावाच लागतो. १७७चा जोर मूळ १५०पेक्षा जास्त, त्यामुळे हलक्या क्रँकमध्ये प्रेस केलेली पिन वेबमध्ये फिरते आणि क्रँक पिळली जाते. लक्षणं ओळखता येतात: मॅग्नेट डोलायला लागतो, इंजिन चालू असताना टायमिंगची खूण एका जागी थांबत नाही, मॅग्नेटच्या बाजूचं सील पुन्हा पुन्हा गळतं. ६०ची क्रँक, जड मॅग्नेट आणि झटक्याने पकडणारा क्लच हे तिन्ही एकत्र आले की पिन वेल्ड करून घेणं शहाणपणाचं.

मॅग्नेटचा टेपर पूर्ण टेकतो का ते बघा. क्रँकच्या टेपरवर मार्करने शाई लावा, मॅग्नेट चावीशिवाय बसवून थोडा फिरवा, काढा. शाई सगळीकडून सारखी पुसली गेली पाहिजे. फक्त एका कडेला पुसली असेल तर व्हॉल्व्हची बारीक पेस्ट लावून दोन्ही घासून जुळवा आणि पेस्ट पूर्ण धुऊन काढा. मॅग्नेटला पकड टेपरची असते, चावी फक्त जागा दाखवते. टेपर न जुळवता नट कितीही आवळला तरी एके दिवशी चावी तुटते.

बसवताना केसचा अर्धा भाग ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत सारखा गरम करून क्लच बाजूचं बेअरिंग आधी बसवा. मग क्रँक ओढून घ्यायच्या पुलरने त्या बेअरिंगमध्ये ओढा. मॅग्नेटच्या टोकावर हातोडा मारून बसवायची पद्धत अजून बऱ्याच गॅरेजमध्ये चालते. त्याने दोन वेब एकमेकांकडे दबतात आणि तासाभरापूर्वी ट्रू केलेली क्रँक पुन्हा वाकडी होते. मॅग्नेट बाजूच्या नीडल बेअरिंगची आतली रेस क्रँकवर असते. नवीन क्रँकवर ती बसवलेली आहे की वेगळी घ्यावी लागणार, हे ऑर्डर देतानाच विचारा. सील दोन्ही नवीनच.

मोजणी, जी टाळू नये

इंजिन पूर्ण बंद करण्याआधी एकदा कोरडं जोडून बघायचं. रिंगशिवाय पिस्टन, ब्लॉक, हेड.

आधी स्क्विश. दोन मिमी जाडीची मऊ सोल्डर वायर दोन तुकड्यांत घ्या आणि पिस्टनच्या माथ्यावर गजन पिनच्या रेषेत दोन्ही कडांपर्यंत ग्रीसने चिकटवा. पिनच्या रेषेतच, कारण दुसऱ्या दिशेला पिस्टन थोडा कलतो आणि आकडा चुकतो. हेड टॉर्कने बसवून मॅग्नेट हाताने टीडीसीवरून एकदा फिरवा. वायर जिथे सगळ्यात जास्त चेपली ते जाडीचं माप. दोन्ही बाजूंना १.२ ते १.५ मिमी मिळालं तर उत्तम. दोन मिमीच्या वर असेल तर इंजिन सुस्त आणि गरम चालेल. एक मिमीच्या खाली जाऊ नका, गरम क्रँक आणि रॉड धावताना थोडे वाढतातच.

मग पोर्टचे अंश. मॅग्नेटवर ३६० अंशांची प्लेट, केसला एक तार बाण म्हणून. टीडीसी डोळ्याने शोधू नका, पिस्टन तिथे बराच वेळ हललेला दिसत नाही. पिस्टन थांबवणारा बोल्ट स्पार्क प्लगच्या भोकातून घालून दोन्ही बाजूंनी टेकवा, दोन्ही वाचनांच्या बरोबर मध्यावर टीडीसी. मग हेड काढून वरून टॉर्च मारा. ट्रान्सफर किंचित उघडतो तो अंश आणि बंद होतो तो अंश, दोन्हींच्या मधलं अंतर म्हणजे त्याचा कालावधी. एक्झॉस्टचं तसंच. दोन्हींच्या कालावधीतला फरक अर्धा केला की ब्लोडाउन मिळतो. वरच्या उदाहरणात तो ५७वर साडेबावीस अंश होता, खालच्या पॅकिंगने ६०वर साधारण वीस होतो. म्हणजे जळालेला वायू बाहेर पडायला वेळ कमी मिळतो आणि तो ट्रान्सफरमध्ये उलटा शिरतो. जास्त उघडे पोर्ट असूनही गाडी न धावण्याचं एक कारण हेच.

६०ची क्रँक असेल तर आणखी दोन जागा बघा. बीडीसीला पिस्टनच्या स्कर्टची खालची कड वेबला लागत नाही ना, किमान एक मिमी फट हवी. आणि रॉड आता जास्त रुंद झोकांडतो, तो लायनरच्या खालच्या काठाला घासत नाही ना. हाताने पूर्ण फेरा हळू फिरवताना कुठेही "टक्" लागता कामा नये.

कॉम्प्रेशनचंही गणित करून ठेवा. समजा टीडीसीला हेड आणि फट मिळून २० सीसी जागा आहे. ५७वर (१७७.७ + २०) भागिले २० म्हणजे ९.९. तीच जागा राखून ६०वर १०.३५. स्क्विश सारखा ठेवला तरी कॉम्प्रेशन वाढतंच, हे लक्षात असू द्या आणि त्यानुसार इग्निशन ठेवा. १७७साठी मी स्ट्रोब लाइटवर १७ ते १८ अंश ठेवतो. त्याहून पुढे नेऊन मिळणारा पिकअप पिस्टनच्या माथ्याच्या जिवावर मिळतो.

बोअरमध्ये रिंग सरळ बसवून तिच्या टोकांतली फट मोजा. ६३ बोअरला पाव मिमीच्या आसपास असावी. हेडचे नट १३ ते १८ न्यूटन मीटर, तिरक्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत. मॅग्नेटचा नट ६० ते ६५. क्लचचा ४० ते ४५.

बाकीचं

जेट किटच्या कागदावरच्यापेक्षा आठ-दहा नंबर मोठा लावून सुरू करा आणि प्लग बघत खाली या. २०/२० कार्बोरेटरवर १७७ चालतं, पण त्याचं वरचं टोक लवकर येतं. ६०ची क्रँक घेऊन २०/२०च ठेवणं मला पटत नाही.

गिअरिंग लोक शेवटी आठवतात. पीएक्स १५०ला क्लच आणि प्रायमरीचे दात २१/६८, पीएक्स २००ला २३/६५. तुमच्या गाडीचे मोजा. १७७ला २२/६८ छान बसतं. इंजिन अर्धं केलेलंच असतं, तर तेव्हाच करा. छोट्या गिअरिंगवर मोठं इंजिन ठेवलं की चौथ्यात रेस सतत वर राहते, आणि ७००० आरपीएमला ६० स्ट्रोकच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १४ मीटर होतो, ५७चा १३.३. पिस्टन ६३चा, म्हणजे मूळपेक्षा जड. त्यामुळे ६०वर विशिष्ट वेगाला फुटबोर्डवर झिणझिण्या जास्त जाणवल्या तर बेअरिंगला दोष देण्याआधी गिअरिंग बघा.

नोंदणीत तुमची गाडी १५० सीसीची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये इंजिनातल्या अशा बदलांवर बंधन आहे, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हा मुद्दा काढू शकते. रस्त्यावर आणण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

तर तुमच्यासाठी: ५७ची, तुमच्याच मॅग्नेटच्या टेपरची, १०५ रॉडची क्रँक. ६०-६५ अंशांना बंद होणारा काप, सीट धड असेल तरच. २२/६८. ६०कडे जायचंच असेल तर २४/२४, लाँग स्ट्रोकचं हेड आणि डिग्री प्लेट हे तिन्ही हाताशी असतील तेव्हा जा.

केस उघडल्यावर रोटरी सीटचा जवळून फोटो टाका. सोबत ब्लॉकच्या वरच्या काठापासून एक्झॉस्ट आणि ट्रान्सफरच्या वरच्या कडेपर्यंतची अंतरं, व्हर्नियरने मोजलेली. शिवाय ५७ची क्रँक टीडीसीला असताना पिस्टनचा माथा काठाच्या किती वर किंवा खाली आहे, तोही आकडा. एवढं मिळालं की दोन्ही क्रँकवर अंश किती येतील ते काढून देतो.